उद्घोषणेत तुमचं नाव कुणी घालायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलंय. लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या आतबाहेरच्या, पतसंस्थेत नोकरीला. संध्याकाळी त्या गावातल्या हौशी नाट्यसंस्थेत असतात. पार्श्वसंगीत चालवतात, प्रॉपर्टी (नाटकात लागणाऱ्या वस्तू) बघतात, तालमीचे निरोप देतात, चहा सांगतात. रविवारी गावाजवळच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर जाऊन मुलाखतींचं संकलन करतात. दोन्हीकडे बिनपैशाने, बरीच वर्षं. यंदा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत संस्थेचं नाटक पहिलं आलं, अंतिम फेरीला गेलं, गावात सत्कार झाला. बाकीच्यांना शाल-श्रीफळ मिळालं, यांचं नाव राहिलं. ‘‘राहिलं हो ताई, तुम्ही तर घरच्याच,’’ असं अध्यक्ष म्हणाले. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. नाटकाआधीची उद्घोषणा त्यांनीच रेडिओच्या स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतली, त्यांनीच कापली-जोडली, प्रयोगात त्यांनीच वाजवली, आणि तिच्यातही त्यांचं नाव नाही. रेडिओवर बोलणाऱ्या मुलींना शाळा-मंडळं हळदीकुंकवाला पाहुण्या म्हणून बोलावतात. यांना केंद्राचा वॉचमन अजून ‘‘कुणाला भेटायचंय?’’ विचारतो. घरी नवरा म्हणतो, ‘‘स्टेजवर दिसत नाहीस, रेडिओवर ऐकू येत नाहीस, मग रात्री अकरापर्यंत असतेस कुठे?’’ आता अंतिम फेरीआधी एका नटीने नाटक सोडलंय. दिग्दर्शक म्हणतात, शेजारणीचं काम तुम्हीच करा, संवाद तुम्हाला पाठच आहेत. कॉलेजात एकांकिकेत ऐन स्टेजवर वाक्य आठवेना, तेव्हापासून बाई विंगेतच राहिल्या. त्या विचारतात: ‘मी भित्री म्हणून मागे राहिले का? आता पुढे जावं, की दोन्हीकडचं सोडून घरी बसावं?’

उत्तर:

आधी त्या उद्घोषणेचंच बोलू. तुमचा सगळा राग तिथे साठलाय.

आपल्याकडे पडदा वर जाण्याआधी सगळ्यांची नावं वाचून दाखवायची रीत आहे. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, रंगमंच व्यवस्था. तिसऱ्या घंटेनंतर अंधारात तो आवाज आला नाही तर नाटक सुरू झाल्यासारखं वाटतच नाही. रघुवीर तळाशिलकर, बाबा पारसेकर हे नेपथ्यकार किंवा रंगभूषाकार कृष्णा बोरकर रस्त्यात समोरून आले असते, तर बहुतेक प्रेक्षकांनी ओळखले नसते. नावं मात्र पाठ होती. ती झाली या उद्घोषणांमुळे आणि पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींमुळे. पडद्यामागच्यांची नावं घेणं ही या धंद्याची जुनी पद्धत आहे, हौशी संस्थांनी ती तशीच उचलली आहे, आणि तुमच्या संस्थेनेही उचलली आहे. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही.

तुम्ही लिहिता, ‘नावांची यादी दिग्दर्शकांनी व्हॉट्सॲपवर पाठवली होती. रेकॉर्डिंगलाच लक्षात आलं, पण स्वतःचं नाव स्वतः कसं घालणार?’

का नाही घालणार? समजा यादीत प्रकाशयोजनेचं नाव राहिलं असतं. तुम्ही लगेच फोन केला असता, ‘सर, लाइटचं नाव राहिलंय, घालते.’ सर म्हणाले असते, ‘अरे हो, घाला घाला.’ विषय तिथेच संपला असता. यादी अपुरी असणं ही संकलनातली चूक आहे आणि ती दाखवून देणं तुमच्या कामातच येतं. ती दुसऱ्याच्या बाबतीत असती तर तुम्ही दाखवली असती. स्वतःच्या बाबतीत ‘दाखवणं’ म्हणजे ‘मागणं’ असं धरून बसलात. मागायला लाज वाटते, म्हणून गप्प राहिलात, आणि मग कुणाच्या तरी आपणहून लक्षात येईल म्हणून वाट बघत बसलात. लोकांच्या आपणहून लक्षात येत नाही हो. वाईट असतात म्हणून नव्हे; प्रयोगाच्या दिवशी प्रत्येकाला आपापलं वाक्य आणि आपापला मेकअप एवढंच दिसत असतं.

अध्यक्षांची बाजू मी घेत नाही. पंधरा-वीस माणसांच्या संस्थेत एक नाव विसरणं ही शोभणारी गोष्ट नाही. पण सत्कार होऊन गेला, तो परत होणार नाही. उद्घोषणा मात्र अंतिम फेरीसाठी नव्याने रेकॉर्ड करावी लागणारच आहे, कारण नटी बदलणार. त्याआधी दिग्दर्शकांना साधा निरोप पाठवा: ‘नवीन यादीत पार्श्वसंगीत संचालन आणि रंगमंच व्यवस्था या दोन ओळी घालते आहे, नावं तपासून द्या.’ ‘घालू का’ नको, ‘घालते आहे’ लिहा. आणि स्पर्धेसाठी कलाकार-तंत्रज्ञांची जी नावं कागदावर जातात, त्यातही तुमचं आहे ना, ते त्याच निरोपात विचारून घ्या.

आता भित्रेपणाचं. तुमच्या पत्रातच दोन प्रसंग आहेत. तुम्ही ते जाता जाता लिहिलेत. मी त्यांच्यापाशी जरा थांबणार आहे.

पहिला टेलिफोनचा. जुन्या काळातलं घर, कोपऱ्यात डायलचा फोन. रिंग वाजायच्या आधीच नटाने रिसीव्हर उचलला. चूक लक्षात आल्यावर उपरण्याने पुसल्यासारखं करून त्याने तो परत ठेवला. तुमचं बोट लॅपटॉपच्या कळीवर होतं. तुम्ही दाबली नाहीत. त्याचा हात सुटून तो खिडकीकडे दोन पावलं जाईपर्यंत थांबलात आणि मग रिंग दिलीत. तो दचकून वळला, आणि तुम्ही म्हणता त्याचं दचकणं इतकं छान झालं की पुढच्या प्रयोगापासून दिग्दर्शकांनी तेच ठेवलं.

दुसरा रेडिओवरचा. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजींचं रेकॉर्डिंग. भावाची ओवी म्हणताना आजींचा गळा दाटला, ओवी तुटली, जातं मात्र फिरत राहिलं. कार्यक्रम सादर करणाऱ्या मुलीने सांगितलं, ती मधली जागा काढून टाका, लोकांना वाटेल केंद्र बंद पडलं. तुम्ही ती चार सेकंद ठेवायची की काढायची यावर अख्खी दुपार घालवलीत आणि शेवटी ठेवलीत, नुसत्या जात्याच्या घरघरीसकट. मागून येणारा पिठाच्या गिरणीचा आवाज मात्र जमेल तेवढा काढलात.

घाबरट माणूस पहिल्या प्रसंगात ठरल्या जागी कळ दाबून मोकळा होतो, ‘मी बरोबर होते, त्याचं चुकलं’ म्हणायला. आणि दुसऱ्या प्रसंगात सांगितलं तेवढं कापून घरी जातो. तुम्ही दोन्ही वेळा स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतलात. कॉलेजात वाक्य विसरलात हे खरंच असेल. त्या वयात स्टेजवर वाक्य विसरलेले कितीतरी जण आज उत्तम नट आहेत आणि कितीतरी जण पुन्हा नाटकाच्या वाटेला गेलेले नाहीत. तुम्ही या दोन्हींत मोडत नाही. तुम्ही आत आलात घाबरून असाल कदाचित, पण इतकी वर्षं राहिलात ते कानामुळे. तुम्हाला कुठला आवाज कधी यावा हे कळतं. आत कुठल्या दारातून आलो हे एवढ्या वर्षांनी उकरण्यात मला अर्थ दिसत नाही.

इथवर तुम्हाला बरं वाटलं असेल. पुढचं तितकंसं वाटणार नाही.

‘माझ्याशिवाय प्रयोग उभाच राहत नाही’ हे वाक्य पत्रात वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतं. तक्रार म्हणून येतं, पण वाचताना त्यात सुखही जाणवतं. कुठली बॅग कुठल्या विंगेत, तिसऱ्या प्रवेशात पेल्यात पाणी किती, वादळाचा आवाज कुठल्या शब्दावर सुरू करून कुठल्या शब्दावर खाली आणायचा, हे सगळं फक्त तुमच्या डोक्यात आहे. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी तुम्हाला ताप आला तर? संस्थेची पंचाईत होईल, हे खरं. पण तोटा आधी तुमचाच होतोय. जे काम कुठेही लिहिलेलं नाही, ते बघणाऱ्याला काम वाटतच नाही, मदत वाटते. नटाच्या कामाला संहिता असते. प्रकाशयोजनेचा निदान आराखडा असतो. तुमच्या कामाचा कागदच नाही. मग अध्यक्षांच्या लेखी तुम्ही काय करता? ‘ताई सगळं बघतात.’ आणि सगळं बघणाऱ्याचं नाव उद्घोषणेत कुठल्या ओळीत घालणार?

म्हणून माझा सगळ्यात मोठा आग्रह एका वहीसाठी आहे. संहितेची एक प्रत घ्या, प्रत्येक पानासमोर एक कोरं पान येईल अशी बांधून घ्या. संहितेच्या पानावर पेन्सिलने खुणा करा आणि कोऱ्या पानावर त्या शब्दाला काय होतं ते लिहा: आवाज क्रमांक, किती वाजता सुरू नव्हे तर कुठल्या शब्दावर सुरू, किती मोठा, कुठे विरतो. क्यूच्या (म्हणजे ज्या शब्दावर आवाज द्यायचा त्याच्या) दोन-तीन वाक्यं आधी ‘तयार’ अशी खूण हवीच. पेन्सिल अशासाठी, की तालमीत बदल होणारच. लॅपटॉपवरच्या फायलींना ‘न्यू फायनल’, ‘फायनल टू’ अशी नावं असतील (असतात, मी पैज लावते), ती काढून वहीतले क्रमांकच त्यांना द्या. सगळं एका पेनड्राइव्हवरही ठेवा. तो पेनड्राइव्ह तुमच्या पर्समध्ये नको, दुसऱ्या कुणाकडे तरी हवा.

प्रॉपर्टीची यादी विंगेप्रमाणे करा. डावीकडच्या टेबलावर काय, उजवीकडच्या टेबलावर काय, कोण उचलणार, कुठून परत येणार. पत्र फाडायचं असेल तर प्रत्येक प्रयोगाला नवं पत्र लागतं; ते कोण लिहिणार हेही लिहा. यादीशेजारी खर्चाचा रकाना ठेवा. सेल, काळी चिकटपट्टी, उदबत्ती, काचेचे फुटलेले पेले यांचे पैसे आजवर तुमच्याच पाकिटातून गेलेत, असं पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय तुम्ही. ते बारीक अक्षरात कशाला? बिलं ठेवा, महिन्याच्या शेवटी खजिनदारांना द्या. पतसंस्थेत तुम्ही दुसऱ्यांकडून पैन् पैचा हिशेब घेता की!

शेवटच्या पानावर नाट्यगृहाचं लिहा. मेन स्विच कुठे, अग्निशामक सिलिंडर कुठे, मागचं दार उघडतं का, त्याची किल्ली कुणाकडे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दक्षिण महाराष्ट्रातला नाटकवाला तो दिवस विसरणार नाही, पण त्यानंतरही किती संस्था प्रयोगाआधी मागचं दार उघडून बघतात? हे बघणं कुणाचं तरी ठरलेलं काम असायला हवं.

ही वही झाली की दोन गोष्टी होतात. तुमच्या कामाला आकार येतो, तो अध्यक्षांनाही हातात घेऊन बघता येतो. आणि ते काम दुसऱ्याला देता येतं. त्यासाठी संस्थेतल्या एखाद्या कॉलेजवयीन मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. आधी वही धरू द्या, मग ‘तयार’ म्हणू द्या, मग एक अंक चालवू द्या. चुकेल. तुम्ही खुर्चीवरून उठू नका. हौशी मंडळींत प्रयोग कसा वाचवला याचे किस्से रंगवून सांगितले जातात, त्या टेलिफोनचा तुमच्याकडेही सांगत असतीलच. मला किश्शांपेक्षा ज्या प्रयोगात काहीच वाचवावं लागलं नाही तो प्रयोग जास्त आवडतो, पण त्याचा किस्सा होत नाही, ही अडचण आहे. आणि मग एक प्रयोग प्रेक्षकांत बसून बघा. इतक्या वर्षांत तुम्ही संस्थेचं एकही नाटक समोरून पाहिलेलं नाही. तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही, म्हणूनच मला ते खटकलं. विंगेतून नटाची एक बाजू आणि अर्धा आवाज कळतो. तुमचं वादळ दहाव्या रांगेत संवाद गिळतंय का, हे तिथे बसल्याशिवाय कळणार नाही.

रेडिओचं वेगळं आहे. तिथे सगळेच न दिसणारे, त्यामुळे तिथली उपेक्षा मला जास्त बोचते.

तुमच्या केंद्राची ताकद जेमतेम शंभर वॉटची असेल, आवाज दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे जात नसेल. पण सरकारी धोरणानुसार अशा केंद्राचे निदान निम्मे कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागातून, तिथेच तयार व्हावे लागतात. आधी असं केंद्र फक्त शिक्षणसंस्थांना काढता यायचं. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली, आणि मग म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनीसारखी केंद्रं उभी राहिली. हे निम्मे कार्यक्रम कोण करतं? बोलणारी मुलगी आणि कापणारी तुम्ही. शिवाय प्रसारित केलेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणंही केंद्रावर बंधनकारक आहे. म्हणजे फायलींना तारखेवार नावं देणं, त्या शोधता येतील अशा ठेवणं हीसुद्धा केंद्राची नियमातली गरज आहे, आणि ते काम तुम्ही करता. केंद्रप्रमुखांशी बोलताना याचा आधार घ्या. ‘मला वाईट वाटतं’ इथून सुरुवात केलीत तर ते तुमची समजूत काढतील आणि चहा मागवतील.

मागायचं काय? पगार मागू नका असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्याकडे तो नसण्याचीच शक्यता मोठी. २०२४ मध्ये सामुदायिक रेडिओला जाहिरातींसाठी तासाला सात मिनिटांऐवजी बारा मिनिटं मिळाली आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना बावन्न रुपयांवरून चौऱ्याहत्तर झाला. या आकड्यांत कुणी श्रीमंत होत नाही. म्हणून जाण्यायेण्याचा खर्च मागा, केंद्राचं ओळखपत्र मागा (वॉचमनचा प्रश्न त्याने सुटेल) आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी ‘संकलन’ म्हणून नाव मागा. आकाशवाणीवर कार्यक्रम संपताना निर्मिती, साहाय्य, ध्वनिमुद्रण कुणाचं हे सांगतात, ते आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पाच सेकंदांचं काम. कापायला तुम्हीच आहात, जागा काढता येईल.

आणखी एक. बोलणाऱ्या मुलींना संकलन शिकवा. तेलंगणातल्या माचनूरचं संघम रेडिओ हे केंद्र २००८ मध्ये सुरू झालं. तिथे गावातल्या दलित बायका बोलतात आणि रेकॉर्डिंग, संकलनही त्याच करतात. तुमच्याकडे ‘बोलणारी’ आणि ‘कापणारी’ अशा दोन जाती कशासाठी? ज्या मुलीने स्वतः वीस मिनिटांची मुलाखत बाराची केली, ती पुढच्या वेळी मुळातच नीट प्रश्न विचारते आणि गिरणी चालू असताना माइक सुरू करत नाही. उलट तुम्हीही अधूनमधून माइकवर जायला हरकत नाही. स्टेजसारखे शंभर डोळे तिथे नसतात, वाक्य विसरायची सोय नसते, कारण कागद समोर असतो, आणि चुकलं तर कापणारी घरचीच आहे.

घरचं आता. नवऱ्याचा प्रश्न तुम्ही टोमणा म्हणून लिहिलाय. असेलही. पण त्याला खरोखर माहीत नसण्याचीही शक्यता आहे. तो प्रयोग बघायला येतो, समोर बसतो, तुम्ही नसता, तो घरी जातो. त्याला तिकीट देऊ नका. पुढच्या प्रयोगाला दुपारी दोनला बोलवा, जेव्हा टेम्पोतून सेटच्या लेव्हल (लाकडी चौथरे) आणि फ्लॅट (उभ्या चौकटी) उतरतात. दोन लेव्हल उचलायला लावा. मग विंगेत स्टूल द्या आणि मोबाइल बंद करायला सांगा. मुलगा आठवीत आहे म्हणता, त्यालाही आणा, त्या वयाच्या पोरांना विंग फार आवडते. सासूबाईंसाठी काही वेगळं करायला नको. त्या रेडिओ ऐकतात असं तुम्हीच लिहिलंय, कार्यक्रमाच्या शेवटी सुनेचं नाव आलं की त्या बाकीच्या गल्लीला सांगतील.

मात्र रात्री अकराचा मुद्दा नवऱ्याने काढलाय, तो उडवून लावू नका. प्रयोग संपला की नट मेकअप उतरवून, फोटो काढून निघतात. सेट उतरेपर्यंत, प्रॉपर्टी मोजून पेटीत जाईपर्यंत तुम्ही थांबता आणि मग एकट्या गाडीवरून घरी. हे बरोबर नाही, आणि ते तुमच्या घरच्यांपेक्षा संस्थेने सोडवायचं आहे. बाहेरगावी प्रयोग असेल तर पडद्यामागच्यांना सगळ्यात शेवटी घरापर्यंत कोण सोडणार, हे गाडी ठरवतानाच ठरवा. जेवणाचे डबे मोजताना विंगेतल्या माणसांचे आधी मोजा. नटांचे डबे कधी कमी पडत नाहीत.

सोडून द्यावं का? दोन्ही एकदम तर नकोच. रागात सोडलेलं नाटक माणूस दोन महिन्यांनी परत धरतो, त्याच जागी, त्याच अटींवर, वर ‘ताई रुसल्या होत्या’ हे जन्माचं चिकटतं. थकवा खरा असेल तर एकातून ठरवून, तारीख सांगून, वही सुपूर्द करून बाजूला व्हा. अंतिम फेरीपर्यंत नाटक आणि त्यानंतर पावसाळ्यापर्यंत फक्त रेडिओ, असंही चालेल. रविवार हा सुट्टीचाच दिवस आहे आणि तोही तुम्ही देऊन टाकलाय, याचा मात्र विचार करा. केंद्र सोमवार ते शनिवारही चालतं, एखादी संध्याकाळ घेतलीत तर रविवार परत मिळेल.

व्यावसायिक नाटकाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्यासारखी पत्रं येतात त्यात तो प्रश्न असतो म्हणून दोन शब्द. तिथे प्रयोगामागे नाइट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, मिळते. पण दौरे, बसचे प्रवास, पहाटे परत, आणि नोकरी सोडल्याशिवाय ते जमत नाही. शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्यशाळा आहे. ते सगळं वेळ आणि वय हाताशी असलेल्यांसाठी. तुम्हाला त्याची गरज मला दिसत नाही. जवळच्या शहरात ध्वनीची किंवा प्रकाशाची दोन-तीन दिवसांची कार्यशाळा लागली तर जरूर जा, आणि फी संस्थेकडून मागा. दिग्दर्शकाला शिबिराला पाठवता ना, मग मलाही पाठवा, म्हणा.

हे सदर संस्थांचे अध्यक्ष, चिटणीसही वाचतात हे मला माहीत आहे. त्यांना एवढंच: बहुतेक स्पर्धांत नेपथ्याला, प्रकाशाला, रंगभूषेला बक्षीस असतं, विंगेत उभं राहून ऐनवेळी नटाच्या हातात चष्मा देणाऱ्याला नसतं. जे बक्षीस परीक्षक देत नाहीत, ते वार्षिक सभेत तुम्ही देऊ शकता. आणि रोख बक्षीस मिळालं तर ते कशात गेलं याचा हिशेब विंगेतल्या माणसांनाही दाखवा. सेटवरच्या लाकडाला किती लागले हे त्यांना तुमच्याहून नीट माहीत असतं.

राहिलं शेजारणीचं काम. दिग्दर्शक तुम्हाला का विचारतायत ते तुम्हाला कळलंय: संवाद पाठ आहेत, तालमीला येताच, मानधन नाही, रुसणार नाही. यात ‘तुम्ही ते चांगलं कराल’ हे कुठे आहे? त्यांना तसं वाटत असेलही, पण ते त्यांनी म्हणायला हवं. विचारा सरळ: ‘सर, मी मोकळी आहे म्हणून की मला जमेल म्हणून?’ उत्तर ऐकताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघा, तुम्हाला विंगेतून चेहरे वाचायची सवय आहेच.

करावंसं वाटत असेल तर करा. भीती गेली की नाही हे तपासायला मात्र अंतिम फेरी ही जागा नव्हे, त्यासाठी गणपतीतली एकांकिका आहे, सोसायटीचं स्नेहसंमेलन आहे. आणि एक अडचण दिग्दर्शकांच्या लक्षात आलेली दिसत नाही. शेजारीण दुसऱ्या अंकात येते, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे फोनची रिंग वाजते तेव्हा ती स्टेजवर असते. मग रिंग कोण देणार? वही तयार आहे, शेजारी बसवलेला मुलगा तयार आहे, दोन सलग तालमी त्याने बिनचूक चालवल्या आहेत, असं झालं तर हो म्हणा. नाहीतर स्वच्छ नाही म्हणा आणि हेच कारण द्या. जे काही असेल ते या आठवड्यात कळवा. दुसरी नटी शोधायची तर तिला तालमी लागतील, आणि नऊवारीचा ब्लाउज शिवायला टाकायचाय.